दिगूकाकांची फेरमोजणी

दिगूकाका ताम्हाण्यांच्या दारावरची बेल दोनदा वाजवावी लागे. पहिली बेल ते मोजत नसत.

पेणला आमच्या आळीत नवा पोस्टमन आला की त्याला घरांच्या आधी ही गोष्ट शिकवावी लागायची. एकदा बेल वाजवून तुम्ही कितीही वेळ उभे राहा, दार उघडायचं नाही. काका आत असत, खुर्चीत असत, चांगले जागे असत. पेपर खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा बाहेर ऐकू येई. पण माणूस उठत नसे. दुसरी बेल झाली की दार फटीएवढं उघडे आणि चष्म्यावरून एक डोळा आपल्याकडे बघे. "हां. म्हणजे नक्की माझ्याकडेच आलायत."

मी एकदा विचारलंच, "काका, पहिल्याच बेलला उघडलं तर काय बिघडेल?"

"मास्तर," ते म्हणाले, "पहिली बेल कोणीही वाजवतो. पोरं वाजवून पळतात. चुकून कोपर लागतं. ज्याला खरंच भेटायचं असतं तो परत वाजवतो."

"परत एकदा" हे त्यांचं आवडतं बोलणं. दूधवाल्यानं माप पातेल्यात ओतलं की "परत एकदा". मग ते दूध पातेल्यातून मापात आणि मापातून पातेल्यात असा प्रवास करी आणि वाटेत थोडं ओट्यावर सांडे, तेव्हा काका विजयानं म्हणत, "बघा, कमी भरलं." कोळणीनं भाव सांगितला की "परत एकदा". दोन्ही वेळा भाव तोच निघाला तर त्यांचा संशय आणखी वाढे, कारण दुसऱ्या वेळी तो उतरायला हवा होता. एसटीचं तर विचारूच नका. वडखळला जायचं असलं तर आधी कंडक्टरला विचारायचं, मग पुढून वळसा घालून ड्रायव्हरला विचारायचं आणि दोघांचं उत्तर जुळलं तर खिडकीतल्या एखाद्या बाईला विचारायचं, कारण दोघे एकाच डेपोचे. एवढ्यात गाडी निघून जाई. काका धुरळ्याकडे बघत म्हणत, "मला वाटलंच होतं."

नागोठण्याकडच्या एका कंपनीत ते स्टोअर सांभाळत. पहिली शिफ्ट सुटताना बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या डब्याकडे ते अशा नजरेनं बघत की माणसं घरी जाऊन स्वतःच आपला डबा तपासत. लग्न केलं नाही. आमची ही म्हणायची, मुलगी बघायला गेले असतील आणि म्हणाले असतील, परत एकदा.

पण काकांच्या संशयाचं खरं वैभव बघायचं तर ते नारळात. हातात नारळ आला की तो कानाशी धरून हलवल्याशिवाय ते पुढचं बोलत नसत. देवळातला असो, लग्नातला असो, मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभातला असो. आणि सत्काराच्या नारळांबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. "सत्काराचा नारळ कोणी फोडत नाही, मास्तर. तो फिरतो. आज मला मिळाला, उद्या मी तुम्हाला देणार, परवा तुम्ही तिसऱ्याला. या तालुक्यात सगळे मिळून थोडेच नारळ आहेत आणि सत्कार मात्र रोज चालू आहेत." हे सिद्ध करायला त्यांनी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या एका नारळाच्या शेंडीखाली गणपतीच्या कारखान्यातला लाल रंग टिंबभर लावून ठेवला. काही महिन्यांनी मला रस्त्यात गाठून कानात म्हणाले, "सापडला. रोह्याला. एकाच्या निवृत्तीच्या समारंभात. पाणी आटलेलं."

"पण तुम्ही रोह्याला कशाला गेला होतात?" मी विचारलं.

काकांनी लगेच घड्याळ बघितलं, मग देवळावरचं घड्याळ बघितलं, दोन्ही जुळत नाहीत म्हणाले आणि निघून गेले.

आता सांगा, जो माणूस जगावर एवढा संशय घेतो, त्याचा संशय घ्यायला किती मजा येत असेल. मला तर भलतीच येई.

आळीच्या टोकाला विमलताईंचा गणपतीचा कारखाना होता. नवरा गेल्यावर ताईंनी तो एकटीनं उभा ठेवला, वर वॉर्डातून नगरसेविका म्हणूनही निवडून आल्या. एका हाताला शाडू, दुसऱ्या हातात कोणाचा तरी नळाचा अर्ज. आमच्याकडे लोक आपापल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतात आणि मूर्ती त्या पाटावर बसते. काका आपल्या पाटाला खालून गुप्त खूण करून देत, ते एक सोडा. पेणला राहून प्रत्यक्ष गणपतीवर संशय घेणारा माणूस मी हा एकच पाहिला. मूर्ती तयार झाली की काका एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा दारातून वाकून तिच्याकडे बघत.

"ताई, याचं लक्ष नाही माझ्याकडे."

"काका, सगळ्या आळीकडं बघायचं हाय त्याला. तुमच्या एकट्याकडं बघत बसला तर आमचं कसं व्हायचं?"

"डावा डोळा दुसरीकडेच आहे."

मग ताई आत हाक मारत, "कल्पना, काकांचा डोळा बघ गो जरा." कल्पना ही ताईंच्या हाताखाली शिकलेली शेजारची सून. डोळ्यांची आखणी तिच्यासारखी कारखान्यात कोणाची नव्हती. ती गंभीर चेहऱ्यानं येई, कोरडा ब्रश मूर्तीच्या डोळ्यावरून अलगद फिरवल्यासारखा करी आणि मागं सरे. "आता बघा काका."

काका परत तिन्ही कोनांतून बघत. "हां. आता बघतोय."

कल्पना गेल्यावर ताई मला म्हणायच्या, "मास्तर, ब्रश सुका होता हे ह्यांना सांगू नका हां."

आता निवडणुकीकडे येतो, कारण काकांचा खरा अंमल तिथं चाले.

तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडायची, पेट्या उघडायच्या, मतांचे गठ्ठे बांधायचे. आम्ही मास्तर लोक मोजणार आणि दोरीपलीकडे प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी बसून आमच्या बोटांकडे बघणार. शेवटी निवडणूक अधिकारी आकडे वाचून दाखवणार, प्रतिनिधी सह्या करणार, निकाल पक्का होणार आणि निवडून आलेल्याच्या हाती सर्टिफिकेट पडणार. काका दर वेळी कोणाचा ना कोणाचा प्रतिनिधी म्हणून बसत. पक्ष नाही, जात नाही, नातं नाही. स्वतःहून उमेदवाराच्या घरी जाऊन सांगत, मी तुमच्या बाजूनं बसतो.

आणि काका ज्याच्या बाजूनं बसले, तो पडला. एकदा नाही, दर वेळी.

बरं, नुसता पडून चालायचं नाही. आकडे वाचून झाले, अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं, की दोरीपलीकडून काका उभे राहत. "साहेब, हरकत आहे. फेरमोजणी." कारणं एकाहून एक. एकदा म्हणाले, पंख्याच्या वाऱ्यानं गठ्ठा हलला. एकदा म्हणाले, मोजणाऱ्या मास्तरांना मधेच शिंक आली आणि शिंकेच्या आधीचा आकडा कोणालाच आठवत नाही. एकदा तर म्हणाले की साहेबांनी स्वतः कान खाजवला, म्हणजे त्यांनाच खात्री वाटत नाहीये. अधिकारी बाहेरगावचे, बिचारे नवे. कागदावर रीतसर अर्ज आला की नाही म्हणणं त्यांना जड जाई. परत गठ्ठे सुटत, परत मोजणी. बाहेर बेंजोवाले ताटकळत. निकाल तोच.

आणि त्याच दिवशी काका एसटी स्टँडवर दिसत. रोह्याच्या गाडीत.

रोह्याला काय होतं, यावर आळीत अनेक मतं होती. कोणी म्हणे, बाई आहे. कोणी म्हणे, बाई नाही, वकील आहे. आमची ही म्हणे, असलीच बाई तर तिची कीव येते, स्वतःच्याच दाराची बेल दोनदा वाजवावी लागत असेल तिला. माझं मत जरा खोल होतं. माझी खात्री होती की काका आतून जिंकणाऱ्याला मिळालेले असतात, हरणाऱ्याच्या बाजूला बसून पलीकडे बातम्या पुरवतात आणि फेरमोजणी म्हणजे शुद्ध नाटक. रोह्यात त्यांचा कोणीतरी म्होरक्या असणार. पुरावा नव्हता. पण पुरावा नसणं हाच तर मुरलेल्या माणसाचा पुरावा.

त्या वर्षी विमलताई परत उभ्या राहिल्या. समोर कोण? कल्पना. सासरच्यांनी उभी केली म्हणतात. अर्ज भरल्यापासून तिनं कारखान्यात यायचं सोडलं. ताई कोणाला काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा, एका मूर्तीचे डोळे स्वतः आखताना, म्हणाल्या, "शिकवताना हात धरून शिकवलं हो."

आमचा पाट द्यायला मी कारखान्यात गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दारातून दिगूकाका आले. मूर्तीकडे बघितलं नाही, डोळा तपासला नाही. सरळ म्हणाले, "ताई, मोजणीला मी बसतो तुमच्या बाजूनं."

कारखान्यातले सगळे ब्रश थांबले.

ताईंच्या हातातला शाडूचा गोळा हातातच राहिला. "काका, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही."

"मंग मला कशाला पाडताय?"

"मी पाडत नाही. मी नुसता बसतो."

"तुमी नुसते बसता नि माणूस पडतो. सगळ्या पेणला म्हाईत हाय ते."

काका आणखी जवळ आले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतात तुम्हाला हल्ली?"

"चांगलंच म्हणतात. ताई, तुमीच येणार. ताई, तुमच्याशिवाय कोण हाय."

"नळाची तक्रार कोणी आणली अलीकडं? गटाराची?"

ताई विचार करायला लागल्या. "नाय बा. कोणीच नाय."

"कल्पनाच्या दारात रोज भांडायला माणसं येतात. दिवा का नाही, पाणी का नाही," काका म्हणाले. "ज्याला मत द्यायचं ठरवलंय त्याच्याशीच लोक भांडतात, ताई. ज्याला द्यायचं नाही त्याच्याशी गोड बोलतात."

ताईंचा चेहरा हळूहळू उतरला. तो गोळा त्यांनी परत शाडूत टाकला. "बसा मंग," एवढंच म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आधीच खचवून टाकली.

मोजणीच्या दिवशी मला नेमकं त्याच वॉर्डाचं टेबल लागलं. काका आले तेव्हा त्यांच्या पिशवीत मला गोलसर काहीतरी दिसलं. शेंडीही दिसली. नारळ. आता आमच्या वॉर्डाचा एक रिवाज आहे. मावळता नगरसेवक शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहून नव्याला नारळ देतो, मगच मिरवणूक हलते. ताईंनाही त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या बापूंनी असाच दिला होता. पण निवडून यायची आशा असलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी देण्याचा नारळ बरोबर घेऊन येतो? निकाल लागायच्या आधी? माझा संशय आता नुसता संशय राहिला नाही. मी त्या पिशवीवर एक डोळा ठेवून मोजायला बसलो.

ताई दोरीच्या टोकाला भिंतीशी खुर्चीवर, मांडीवर हात घट्ट धरून. कल्पना पलीकडच्या भिंतीशी. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. गठ्ठे चढत गेले आणि कल्पनाच्या बाजूची चवड दुरूनही उंच दिसायला लागली. साहेबांनी आकडे वाचले. फरक एवढा होता की वादाला जागाच नव्हती. बाहेर कोणीतरी खिडकीतून ऐकलं आणि बेंजो सुरू झाला.

ताई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच दोरीशी वाकून म्हणाल्या, "काका, मागचं दार कुटं हाय हो?"

आवाज असा की मी मान खाली घातली.

साहेबांनी टोपण काढलं. काका उभे राहिले. "साहेब, हरकत आहे. फेरमोजणी."

"अहो काका," साहेब म्हणाले, "फरक बघा किती आहे. फेरमोजणी करून काय होणार?"

"काही होणार नाही. मग घाबरता कशाला?"

"कारण काय लिहू?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हे मास्तर मोजताना सारखे माझ्या पिशवीकडे बघत होते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी पिशवीकडे बघितलं आणि साहेबांनी कपाळाला हात लावून अर्ज घेतला. गठ्ठे सुटले.

काका खुर्ची ओढून दोरीशी ताईंच्या जवळ सरकले. माझं टेबल हाताच्या अंतरावर. मी मोजत होतो, पण कान तिकडेच.

"मागचं दार आहे," काका हळू आवाजात म्हणाले. "तिथून मी गेलोय एकदा. इथल्या नव्हे, रोह्याच्या."

"तुमी? कशाला?"

"उभा होतो मी. तरुणपणी. पडलो."

हातातली मतपत्रिका मी उलटी धरली.

"वाटलं, पुढून कुठं जायचं, गुलाल चाललाय तिकडे. म्हणून मागून निघालो. मागच्या गल्लीतही गुलाल घेऊन पोरं उभी होती, कोण निवडून आलं ते अजून कळलं नव्हतं त्यांना. दारातून जो पहिला माणूस बाहेर आला त्याच्या अंगावर सगळा गुलाल ओतला. तो माणूस मी."

ताईंनी तोंडाला पदर लावला. रडायला की हसायला, ते मला दिसलं नाही.

"तसाच जाऊन समोर होती त्या एसटीत बसलो. पेणची गाडी. डोक्यापासून लाल. कंडक्टर म्हणाला, अभिनंदन. मी काय सांगू? नागोठण्याला चढलेल्यांनी अभिनंदन केलं. एकानं तर उभं राहून मला खिडकीची जागा दिली. गडब गावाला एक म्हातारी चढली. भाजीची पाटी होती तिच्याजवळ. म्हणाली, 'निवडून आलास का रं बाला? घे यो नारल.' दिला माझ्या मांडीवर."

"नि तुमी घेतला?"

"मग? नाही म्हणालो असतो तर सगळ्या गाडीला सांगावं लागलं असतं. पेणला उतरलो तो निवडून आलेला माणूस म्हणून. आता परत रोह्याला कोणत्या तोंडानं जाणार? बहिणीकडे राहिलो. राहिलोच."

"नि नारळ?"

"फोडवेना. दुसऱ्याचं अभिनंदन होतं ते. पुढं पेणमध्ये जो निवडून आला त्याला देऊन टाकला." काकांनी पिशवी मांडीवर घेतली. "तेव्हापासून माहितीये मला नारळ कसे फिरतात ते."

ताई आता खरंच हसल्या. पदरामागून, डोळे पुसत.

आणि मी कुठं आलो होतो मोजत, ते विसरलो. साफ विसरलो. साहेबांनी विचारलं, "मास्तर, किती?" गठ्ठे तिसऱ्यांदा सुटले. काका दोरीपलीकडून गंभीरपणे म्हणाले, "सावकाश होऊ द्या, मास्तर. घाई नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. शिंक, पंखा, साहेबांचा कान. दर वेळी निकाल तोच, पण दर वेळी आत बसलेल्या त्या एका माणसाला तेवढा वेळ मिळायचा.

ताई उठल्या. व्हरांड्यातल्या माठाशी गेल्या, डोळ्यांवर पाणी मारलं, लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या, केस मागं सारले. परत आल्या तोवर माझी मोजणी संपली होती. एक मत वाढलं होतं, आणि ते कल्पनाचं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा. संशय रास्त होता." त्यांनी सही केली. साहेबांनी निकाल वाचला, कल्पनानं सर्टिफिकेट घेतलं आणि खाली मान घालून ती दाराकडे निघाली.

काकांनी पिशवीतून नारळ काढून ताईंच्या हातात ठेवला. "पुढचं दार तिकडे आहे."

पायऱ्यांवर गर्दी उसळली होती. कल्पना बाहेर आली तसा गुलाल उडाला, बेंजो चढला. मग तिच्या मागून ताई बाहेर आल्या. बेंजोवाला थांबला. सगळेच थांबले. गोड बोलणारी ती सगळी माणसं समोर उभी होती आणि एकाचीही मान वर नव्हती. ताईंच्या हातून नारळ पुढं होईना.

काका मधे आले. ताईंच्या हातातून नारळ घेतला, कानाशी धरला, हलवला. ऐकलं. परत एकदा हलवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आहे पाणी. द्या आता."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी गर्दी हसली. ताईंनी नारळ दिला. कल्पना पाया पडली ती उठेचना. ताईंनीच दंडाला धरून उठवलं. "गटारं बघ आधी. भाषणं मागनं कर."

"ताई," कल्पना म्हणाली, "उद्यापासून आखणीला येऊ का मी?"

"नाय येशील तर काकांचा डोळा कोण बघणार?"

मिरवणूक गेली. काका ताईंबरोबर पुढच्या रस्त्यानं, बाजारातून, घरापर्यंत चालत गेले. दुकानांतून लोक हात जोडत होते आणि ताईही जोडत होत्या. त्यांना दारात सोडून काका स्टँडकडे वळले.

म्हणजे एक कोडं सुटलं होतं, पण रोहा शिल्लक होतं. मी मास्तर माणूस, अर्धं उत्तर मला चालत नाही. रोह्याच्या गाडीत चढलो आणि दोन बाकं मागं बसून तोंडासमोर पेपर धरला. एक गोष्ट लक्षात आली. काकांनी या गाडीबद्दल कोणालाच काही विचारलं नाही. कंडक्टरला पैसे दिले आणि "रोहा" म्हणाले, एकदाच.

वडखळ गेलं तेव्हा काका मागं न वळता म्हणाले, "मास्तर, पेपर कालचा आहे."

मी निमूटपणे पुढं जाऊन शेजारी बसलो. गडब आलं तसे ते खिडकीबाहेर बघत राहिले, रस्त्याकडेच्या दुकानांकडे, गाडी पुढं गेली तरी मान वळवून. नागोठण्यानंतर भिसे खिंड चढताना डोळे मिटले. मी, आयुष्यात पहिल्यांदा, काही विचारलं नाही.

रोह्याला उतरून आम्ही नदीच्या बाजूच्या एका आळीत शिरलो. ऊन उतरणीला लागलं होतं. एक बैठं कौलारू घर, दाराला कुलूप, ओटा मात्र झाडलेला. शेजारच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत होती. तिनं काकांना बघितलं, मान हलवली आणि परत सुपाकडे बघायला लागली. तिला हे सवयीचं असावं.

काकांनी खिशातून किल्ली काढली. कुलपाला लावली नाही. हातात धरून उभे राहिले.

"कोणाचं घर?" मी विचारलं.

"आमचं. आई राहायची." काकांनी कुलूप एकदा ओढून बघितलं. "मी पेणला गेलो ना त्या वेळी, नंतर एक दिवस हिय्या करून आलो होतो. इथंच उभा राहिलो. कडी वाजवली. कोणी आलं नाही. मला वाटलं, रागावलीये. बाजारात सगळ्यांसमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी तिला. वळलो आणि गेलो."

शेजारच्या सुपात तांदूळ सळसळत होते.

"गुडघे धरले होते तिचे. भिंतीला हात लावत लावत येत होती. दार उघडलं तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. या शेजारणीच्या सासूनं सांगितलं मला ते, पुढं."

"मग परत भेटलात ना?"

"परत आलो तेव्हा दार उघडंच होतं," काका म्हणाले. "माणसं जमली होती."

त्यांनी हात वर केला आणि दाराची कडी वाजवली. जुन्या लोखंडाचा आवाज रिकाम्या घरात आतपर्यंत गेला. आत कोणी नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, त्या शेजारणीलाही माहीत होतं. तरी आम्ही थांबलो. भिंतीला हात लावत यायला एखाद्या बाईला लागेल तेवढा वेळ.

मग काकांचा हात कडीवरून खाली आला आणि किल्ली कुलपाकडे जायला लागली.

"काका," मी म्हटलं, "परत एकदा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग किल्ली खिशात टाकली आणि परत एकदा कडी वाजवली.